तारपा

तारपा हे उत्तर कोकणातील वारली, कोकणा आदी आदिवासी समाजांचे सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य. पालघर जिल्ह्यातील डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरी या भागांत ते वाजते. वारली चित्रातल्या गोल नाचाच्या मधोमध एक माणूस लांब, वाकडे काहीतरी फुंकत असतो. त्याच्या हातात असतो तो तारपा. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्यामुळे ही चित्रे जगभर गेली. प्रत्यक्ष आवाज मात्र फार थोड्यांच्या कानी पडला आहे, आणि ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाची पाने आणि मधमाश्यांचे मेण एवढ्या सामानातून तारपा तयार होतो. भोपळा वेलीवरच पुरता जून व्हावा लागतो; कोवळा तोडला तर वाळताना आक्रसतो. म्हणून तारप्याची तयारी पावसाळ्यात, मांडवावर वेल चढवतानाच सुरू होते. गर आणि बिया काढलेल्या भोपळ्याच्या एका टोकाला फुंकायचे भोक असते, दुसऱ्या टोकात नळ्या बसवतात. त्यांची आतली तोंडे भोपळ्याच्या पोकळीत राहतात आणि तिथेच प्रत्येकीला एक जीभ असते. ही जीभ म्हणजे बारीक बांबूलाच चीर देऊन सोडवलेली पातळ पट्टी, एका बाजूने मूळ बांबूला धरून राहिलेली. नळ्यांच्या खालच्या टोकांना ताडपानांच्या पट्ट्या गुंडाळून रुंद होत जाणारा कर्णा करतात. सगळे सांधे मेणाने बुजवतात.

कारागिराचा कस लागतो तो जिभेवर. टोक तासले की सूर चढतो, टोकावर मेणाचा कण ठेवला की उतरतो. दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळेपर्यंत हा खेळ चालतो, तोही केवळ कानाच्या भरवशावर. त्यामुळे प्रत्येक तारप्याचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, वेगळा. पेटीच्या पट्टीत त्याला बसवू पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

वाजवणारा तारपकरी गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. कमरेला हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते आणि तारप्याकडे कधी पाठ करत नाही. सूर बदलला की पावलेही बदलतात. नव्या भाताच्या सुगीपासून दिवाळीपर्यंतचा काळ तारप्याचा. गारुड्याची पुंगी आणि गुजरातच्या डांग भागातली पावरी ही त्याच कुळातली वाद्ये. पावरीच्या टोकाला शिंग असते.

आज तारपा हवा असेल तर करणाऱ्याकडेच जावे. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारपावादनाला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या नगात जीभ आहे की नाही, हे आधी पाहावे. हवा गळते का, हे नळ्यांची भोके आणि खालची तोंडे बंद करून फुंकल्यावर लगेच कळते.

जुना, न वाजणारा तारपा हाती आला तर जीभ तासायची घाई करू नये. बहुतेकदा तडकलेले मेण हेच कारण असते. ते कोमट करून पुन्हा लिंपावे. तरीही सूर निघाला नाही, तर नळ्यांची लांबी, भोकांमधले अंतर आणि जिभेची जाडी टिपून घ्यावी आणि नवी जीभ वेगळ्या बांबूची करावी. मूळ जीभ जपून ठेवावी, कारण त्या तारप्याचा सूर कुठे होता हे तिच्यावरूनच कळते.