प्रसूतिजन्य बाहुपक्षाघात आणि सैन्यभरतीची पात्रता

जन्मताना मानेजवळील मज्जातंतूंना इजा झाल्याने हातात येणारा लुळेपणा, आणि तो हात घेऊन सैन्यदलात प्रवेश मिळण्याची शक्यता, हा या नोंदीचा विषय. डॉक्टर याला बहुधा एर्ब्ज पाल्सी म्हणतात. घरात ‘जन्मताना हात ओढला गेला’ एवढेच सांगितले जाते.

मानेच्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या मज्जामुळांपासून हाताचे तंतुजाल बनते. पाचव्या-सहाव्या मुळांना इजा झाली तर खांदा उचलणे, कोपर वाकवणे आणि तळवा वर वळवणे अवघड जाते. आठव्या आणि छातीच्या पहिल्या मुळांना झाली तर पंजा व बोटे दुबळी होतात. बहुतेक बाळांचा हात आपोआप सुधारतो. साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत दंडाचा स्नायू कोपर वाकवू लागला तर पुढची आशा चांगली, असा ठोकताळा शस्त्रवैद्य वापरत आले आहेत. तंतू नुसते ताणले गेले, तुटले की मुळापासून उपटले गेले, यावर पुढचे सारे ठरते.

पहिले वर्णन कोणाचे, याबद्दल एकवाक्यता नाही. विल्यम स्मेली या प्रसूतितज्ज्ञाने १७६० च्या दशकात छापलेल्या लेखनात दोन्ही हात लुळे असलेल्या आणि काही दिवसांत बऱ्या झालेल्या बाळाची हकिकत दिली आहे. बहुतेक लेखक तीच आद्य मानतात. प्रसूतीशी संबंध जोडणारे पद्धतशीर वर्णन दुशेन या फ्रेंच वैद्याचे. त्यासाठी काही १८६१ चा, तर काही १८७२ चा दाखला देतात; एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमुळे हा फरक पडलेला दिसतो. विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ मध्ये इजेची जागा पाचव्या-सहाव्या मुळांच्या संगमापाशी निश्चित केली, आणि खालच्या मुळांच्या प्रकाराला ऑगस्टा देजेरिन-क्लुम्प्के यांच्या १८८५ मधील कामावरून नाव मिळाले. एकट्या एर्ब यांच्या नावापेक्षा ‘दुशेन-एर्ब’ हे जोडनाव अधिक न्याय्य वाटते.

कारणाचा वाद अजून मिटलेला नाही. डोके बाहेर येऊन खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकला आणि मान ओढली गेली, हे जुने स्पष्टीकरण आजही सर्वाधिक नोंदींना लागू पडते. मात्र सिझेरियनने जन्मलेल्या बाळांतही ही इजा आढळते. प्रसूतीच्या कळांचा स्वतःचा जोरही कारणीभूत असू शकतो, असे मत अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या अहवालात मांडले. त्यामुळे प्रत्येक वेळी सुईणीला किंवा डॉक्टरला दोषी धरणे योग्य नाही. पायाळू जन्मातही धोका असतो. आपल्याकडे पायाळू माणसाबद्दल गुप्तधन दिसण्यापासून अंगावर वीज पडण्यापर्यंत समजुती आहेत. त्यांत हाताचा उल्लेख सहसा येत नाही.

पायाळू जन्मलेला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म (जन्म १८५९) याचा डावा हात सुमारे १५ सेंटिमीटर आखूड राहिला. तरी तो पॉट्सडॅमच्या पहिल्या गार्ड पायदळ रेजिमेंटमध्ये अधिकारी होता. हे स्थान त्याला जन्माने मिळाले होते, म्हणून त्यावरून पात्रतेचा दाखला काढता येत नाही.

भारतीय सैन्यदलात अधिकारी होण्यासाठी ‘शेप-१’ ही पूर्ण तंदुरुस्तीची वैद्यकीय श्रेणी लागते. ‘शेप’ची पाच इंग्रजी अक्षरे मन, श्रवण, हातपाय, शरीरक्षमता आणि दृष्टी या पाच बाबी दाखवतात; त्यांतील ‘ए’ हे अक्षर हातापायांचे असून त्यात वरच्या व खालच्या अवयवांची नोंद वेगळी होते. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) व सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) या अधिकारी-प्रवेश परीक्षांच्या जाहिरातींसोबत छापले जाणारे निकष वेळोवेळी बदलतात, पण त्यांत दोन धागे कायम दिसतात. हातात विकृती असेल तर नकार, हा एक. काही सांध्यांत किंचित कमी हालचाल चालते, पण कार्यक्षमता पुरेशी हवी, हा दुसरा. रूप आणि काम यांची ही सांगड या इजेत फार कठीण पडते, कारण काम भागवणाऱ्या हातालाही थोडे आखूडपण किंवा बारीक दंड राहू शकतो.

जन्मावेळी काय झाले होते यापेक्षा आज काय उरले आहे, हे वैद्यकीय मंडळ पाहते. उमेदवाराला दोन्ही हात कानांजवळून सरळ वर न्यायला सांगितले की पाठीमागे उभ्या असलेल्या डॉक्टरला एका बाजूचे खवाट (खांद्याचे पाते) लवकर वर सरकताना दिसते. हात तोंडाशी न्यायला सांगितला तर कोपर तुतारी फुंकणाऱ्यासारखे बाहेर उचलले जाते. लपवलेला दोष इथे उघडा पडतो. लपवू नयेच, भरतीच्या नमुन्यातील प्रश्नांना जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा सेना अधिनियम १९५० च्या कलम ४४ खाली गुन्हा आहे. अधिकारी-प्रवेशात अपात्र ठरलेल्यास ४२ दिवसांत अपील मंडळापुढे जाता येते.

अग्निवीर मेळाव्यात ‘मेडिकल’च्या आधीच कस लागतो. तिथे किमान सहा बीम (आडव्या दांडीला लटकून अंग वर ओढणे) काढावे लागतात, पूर्ण गुणांना दहा. दुबळा खांदा असलेला मुलगा धावण्यात पहिला येऊनही बीमखाली अडतो. पुढे रायफलचा दस्ता खांद्यात घट्ट बसवणे आणि डाव्या तळव्यावर तिचा भार तोलणे या दोन्ही क्रिया नेमक्या पाचव्या-सहाव्या मुळांच्या आहेत.

मुंबईत ही कमतरता पुष्कळदा लोकलमध्ये लक्षात येते. मूल वरची कडी नेहमी एकाच हाताने धरते. हाजी अली येथील केंद्रीय पुनर्वसन संस्थेत तपासणी व व्यायामोपचार होतात. सैन्याची ओढ असलेल्या मुलाला दहावीच्या आतच अस्थिरोगतज्ज्ञाकडून हालचालींचे अंश मोजून घ्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे. क्लासमध्ये दोन-तीन वर्षे घालवल्यावर मंडळापुढे कळणे फार जिव्हारी लागते.

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यातील सेवासंरक्षणातून (नोकरीत असताना अपंगत्व आले तरी ती जाणार नाही, या हमीतून) लढाऊ सैनिकी पदे २००२ मध्ये वगळली गेली. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्यानंतर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांना १८ ऑगस्ट २०२१ रोजी तशीच सूट मिळाली. संरक्षण खात्याच्या नागरी पदांचे तसे नाही. मुंबईत लायन गेटच्या आतील नौदल गोदीसारख्या ठिकाणी कारकून वा तांत्रिक पदांपैकी ‘एक हात बाधित’ व्यक्तीसाठी योग्य ठरवलेल्या जागांवर अर्ज करता येतो. आरक्षण मात्र किमान ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच मिळते. या इजेचे बरेच तरुण त्या आकड्याच्या खाली येतात. लढाऊ पदासाठी हात कमी पडतो आणि आरक्षणासाठी टक्के. त्यांना नागरी पदांसाठी इतर उमेदवारांबरोबरच स्पर्धा करावी लागते.