कॅलिफोर्नियात नव्या जलाशयासाठी सरकारी निधी: पात्रता, कागदपत्रे आणि अटी

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रपोझिशन १ हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला. पाण्याच्या कामांसाठी सुमारे ७५४ कोटी डॉलरची ही तरतूद होती. त्यातले २७० कोटी डॉलर साठवणुकीच्या प्रकल्पांसाठी राखून ठेवले आहेत. पैसा राज्याच्या कर्जरोख्यांतून येतो आणि कोणाला किती द्यायचा हे नऊ सदस्यांचं कॅलिफोर्निया वॉटर कमिशन ठरवतं. अर्जदारांची पंचाईत होते ती पहिल्याच अटीपाशी. जलाशयातून शेतीला किंवा शहराला जे पाणी मिळणार, त्याचा खर्च राज्य उचलत नाही. तो ज्याला पाणी हवं त्याने द्यायचा. राज्य पैसे मोजतं ते सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या लाभांसाठी.

असे लाभ कायद्यात पाचच आहेत: नद्या आणि वन्यजीवांच्या परिसंस्थेत सुधारणा, पाण्याची गुणवत्ता, पूरनियंत्रण, आपत्कालीन पाणीपुरवठा आणि लोकांसाठी विरंगुळ्याच्या सोयी. या पाचांचं वजन मात्र सारखं नाही. राज्याच्या पैशातून जे लाभ घेतले जाणार, त्यांतले निदान निम्मे परिसंस्थेचे असायलाच हवेत. शिवाय प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त रक्कम राज्य सहसा देत नाही. समजा जलाशय १०० कोटी डॉलरचा आहे. राज्याकडून जास्तीत जास्त ५० कोटी मिळतील आणि त्यातले किमान २५ कोटी मासे, पक्षी, पाणथळ जागा यांच्या कामाचे असतील. नुसता बोटिंगचा धक्का आणि पायवाटा दाखवून काही हाती लागणार नाही. त्यातही सुधारणा मोजता येण्याजोगी हवी, आणि ती सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्यांच्या डेल्टात, म्हणजे त्रिभुज प्रदेशात, किंवा त्याला मिळणाऱ्या नद्यांत दिसायला हवी. ज्या नदीचं पाणी डेल्टाकडे जातच नाही, तिच्यावरच्या जलाशयाला ही अट जड जाते.

आणखी एक मेख आहे. धरणामुळे अधिवास बुडतो, त्याची भरपाई दुसरीकडे करून देणं कायद्याने बंधनकारकच असतं. ही भरपाई ‘लाभ’ म्हणून दाखवता येत नाही. मला तर सगळ्या नियमावलीत हीच तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. ती नसती तर आधी नुकसान करायचं आणि मग ते भरून काढण्याचे पैसे सरकारकडून घ्यायचे, असा धंदाच झाला असता.

अर्ज कोण करू शकतं? सार्वजनिक संस्था, विना-नफा संस्था, मूलनिवासी जमाती, सभासदांच्या मालकीच्या पाणी कंपन्या आणि अनेक स्थानिक संस्थांनी मिळून स्थापन केलेली संयुक्त प्राधिकरणं. सार्वजनिक सेवा देणाऱ्या कंपनीलाही मुभा आहे, पण फायदा भागधारकांच्या खिशात न जाता ग्राहकांपर्यंत पोचला पाहिजे. प्रकल्प धरणाचाच हवा असं नाही. भूजल साठवणारे प्रकल्पही यात बसतात.

कागदपत्रांची यादी लांबलचक आहे, पण जीव अडकतो तो दोन-तीन गोष्टींत. पहिली, व्यवहार्यता अहवाल: बांधकाम शक्य आहे का, खर्च किती, कोणत्या लाभाच्या वाट्याला किती खर्च येतो. दुसरी, राज्याच्या पर्यावरण कायद्याखालचा अहवाल. त्याचा मसुदा लोकांना वाचायला आणि हरकती घ्यायला खुला करावा लागतो. तिसरी, पाण्याचं गणित. प्रकल्प झाला तर काय आणि नाही झाला तर काय, अशी तुलना २०३० आणि २०७० सालच्या संभाव्य हवामानात करून दाखवायची असते. शंभर वर्षं टिकणारं धरण जुन्या पावसाच्या नोंदींवर आखू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या फेरीची मुदत १४ ऑगस्ट २०१७ होती. १२ अर्ज आले. प्रत्येक अर्जातल्या लाभांची डॉलरमध्ये किंमत काढून तिला मागितलेल्या रकमेने भागतात. भागाकार एकाहून कमी आला, तर मागणी लाभांपेक्षा मोठी आहे असं समजायचं. परिसंस्थेचे दावे मत्स्य व वन्यजीव विभाग तपासतो, पाण्याच्या गुणवत्तेचे स्टेट वॉटर बोर्ड आणि उरलेले जलसंपदा विभाग. २०१८ च्या सुरुवातीला या तपासणीत बरेच दावे फेटाळले गेले आणि अर्जदार संस्थांनी मोठी ओरड केली. अखेर जुलै २०१८ मध्ये आठ प्रकल्प निवडले गेले, चार जलाशयांचे आणि चार भूजलाचे.

निवड झाली म्हणजे धनादेश मिळाला असं नाही. ती फक्त सशर्त पात्रता. परवाने आणि पर्यावरण अहवाल पुरे करण्यासाठी त्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत आगाऊ मिळू शकतात. बाकीच्यासाठी आधी १ जानेवारी २०२२ चा उंबरठा ओलांडायचा होता: व्यवहार्यता अहवाल पुरा, पर्यावरण अहवालाचा मसुदा जाहीर, आणि राज्याच्या वाट्याबाहेरच्या खर्चापैकी ७५ टक्के पैशांची हमी. त्यानंतर सगळे परवाने, पाणी घेणाऱ्यांशी करार, आणि लाभ खरोखर मिळतील याबद्दल संबंधित विभागांशी करार. शेवटची रक्कम कमिशनच्या जाहीर सुनावणीतच मंजूर होते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते साइट्स जलाशयात पाहता येतं. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला, मॅक्सवेल गावाच्या पश्चिमेकडे हा जलाशय आखला आहे. क्षमता १५ लाख एकर-फूट, म्हणजे साधारण ६५ टीएमसी. मुख्य नदीवर नवं धरण नाही. सॅक्रामेंटो नदीला पाणी जास्त असेल तेव्हा ते आहे त्याच कालव्यांतून नेऊन बाजूच्या खोऱ्यात साठवायचं. राज्याने २०१८ मध्ये ८१.६ कोटी डॉलरची पात्रता दिली. त्या बदल्यात पक्ष्यांच्या अभयारण्यांना पाणी द्यायचं, डेल्टा स्मेल्ट या छोट्या माशाचं खाद्य वाढावं म्हणून योलो बायपास या सखल पूरमैदानात पाणी सोडायचं, पूर आटोक्यात ठेवायचा आणि लोकांसाठी विरंगुळ्याच्या सोयी करायच्या. उरलेला भार पाणी घेणाऱ्या संस्था आणि केंद्र सरकारचा सहभाग व कर्जं यांच्यावर. पर्यावरण अहवालाला नोव्हेंबर २०२३ मध्ये अंतिम मान्यता मिळाली, म्हणजे निवडीनंतर तब्बल पाच वर्षांनी.

बाकीच्या तीन जलाशयांचं काय झालं? टेम्परन्स फ्लॅटने मोठी रक्कम मागितली होती, मिळाली १७.१ कोटींची पात्रता. पुढे त्याने माघार घेतली. लॉस व्हॅकेरोस धरणाची उंची वाढवण्याचा बेत २०२४ मध्ये सोडून दिला गेला. पाचेकोचा खर्च वाढत गेला आणि २०२५ मध्ये तोही थांबला. राज्याची पात्रता हाती असूनही उरलेला पैसा जमवणं अवघड असतं. म्हणून असा अर्ज लिहायला घेण्याआधी पाणी घेणाऱ्या संस्था कोणत्या, त्या किती हिस्सा द्यायला तयार आहेत आणि खर्च दुप्पट झाला तरी टिकतील का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावं. व्यवहार्यता अहवालाचं काम त्यानंतर.