अतिदक्षता विभागातील मूत्रपिंडोपचार

अत्यवस्थ रुग्णाची मूत्रपिंडे अचानक मंदावली किंवा बंद पडली, तर त्याच्या शरीरातील पाणी, क्षार व आम्ल सांभाळणे आणि गरज पडल्यास डायलिसिस करणे, अशी ही उपचारशाखा आहे. नेहमीच्या डायलिसिसचा रुग्ण चालत येतो व चार तासांनी घरी जातो. अतिदक्षतेतला रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, त्याचा रक्तदाब नॉरअॅड्रेनलिन या रक्तदाब चढवणाऱ्या औषधाच्या आधाराने टिकलेला असतो. मशीन तेच असले तरी ते चालवण्याची रीत वेगळी. डॉक्टर कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ साली फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड वापरले. अत्यवस्थ रुग्णाचे पाणी संथपणे, अखंड काढण्याची पद्धत क्रॅमर यांनी जर्मनीत १९७७ साली मांडली.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) जंतुसंसर्गाखेरीज तीन कारणे ठळक आहेत: उन्हाळ्यातील उष्माघात व जुलाब-उलट्या, पावसाळ्यातील सर्पदंश, आणि अंगदुखीवर दुकानातून आणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४–४५ अंशांवर जातो. उन्हात राबून कोसळलेल्या मजुराची लघवी कडक चहासारखी असेल, लघवी तपासण्याच्या पट्टीवर रक्त दिसत असेल पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नसतील, तर स्नायू विरघळले आहेत असे धरून चालावे. अशा वेळी आधी अंग थंड करायचे आणि सलाईन भरपूर द्यायचे. लघवी तासाला २०० मिलिच्या आसपास ठेवायची. तिने दाद दिली नाही तर मात्र सलाईन ओतत राहू नये, ते फुप्फुसात उतरते.

निदानासाठी केडिगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेचे २०१२ चे निकष चालतात: ४८ तासांत क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा घटक) १०० मिलि रक्तामागे ०.३ मिग्रॅने वाढणे, सात दिवसांत मूळच्या दीडपट होणे, किंवा सलग सहा तास लघवी दर किलोमागे तासाला ०.५ मिलिपेक्षा कमी होणे. ५० किलोच्या माणसात हे तासाला २५ मिलि झाले. यातली फसगत मूळ आकड्यात असते. सातपुड्यातल्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णाचे स्नायू बारीक आणि गाळणीचा वेग जास्त, म्हणून त्याचे नेहमीचे क्रिएटिनिन ०.४–०.५ असू शकते. त्याला १.१ आले की प्रयोगशाळा ‘नॉर्मल’ छापते, प्रत्यक्षात ते दुपटीपेक्षा वाढलेले असते. शिवाय त्याचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. लघवी पुरेशी दिसते आणि शरीर मात्र कोरडे पडत जाते.

पोटॅशियम ६.५ च्या वर आणि ईसीजीत बदल, ही सर्वांत घाईची वेळ. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, तीन ते पाच मिनिटांत. याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला अर्धा-पाऊण तास संरक्षण मिळते एवढेच. ईसीजी सुधारला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा द्यावे. त्यामागून १० युनिट साधे इन्शुलिन व २५ ग्रॅम ग्लुकोज. मूत्रपिंड बंद असताना इन्शुलिन शरीरात रेंगाळते, म्हणून पुढचे सहा तास दर तासाला साखर तपासावी. साखर फार उतरून येणारी पहाटेची बेशुद्धी पुष्कळदा इथून येते. कॅल्शियम व आम्लता उतरवणारे बायकार्बोनेट एकाच नळीतून दिले की खडूसारखा साका होतो. नातेवाइकांची समजूतही काढावी लागते. केळीच्या मुलखात आजाऱ्याला केळे देऊ नका हे कुणाला पटत नाही, पण एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिग्रॅ पोटॅशियम असते.

डायलिसिस कधी सुरू करावे यावर बराच वाद झाला. सुमारे ३,००० रुग्णांच्या स्टार्ट-एकेआय चाचणीत (२०२०) लवकर सुरू केल्याने जीव जास्त वाचले नाहीत, उलट ९० दिवसांनी डायलिसिसवरच राहिलेले रुग्ण वाढले. म्हणून न हटणारे पोटॅशियम, तीव्र आम्लता, औषधाने न उतरणारे फुप्फुसातील पाणी किंवा युरियामुळे बिघडलेली शुद्ध यांपैकी काही नसेल तर थांबता येते. थांबण्यालाही मर्यादा आहे. युरिया २४० मिग्रॅच्या पुढे गेल्यावर आणखी वाट पाहण्यात फायदा नाही. परदेशी लेखांतले आकडे ‘बीयूएन’मध्ये (युरियातील फक्त नायट्रोजनचे वजन) असतात, आपल्या प्रयोगशाळा बहुधा युरिया देतात. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. हा गुणाकार विसरल्याने निम्म्या आकड्यावर मशीन लावले जाते.

अखंड डायलिसिसचे संच महाग असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी व्यवहार्य मार्ग म्हणजे साधेच मशीन संथ चालवणे, ज्याला ‘स्लेड’ म्हणतात. रक्ताचा प्रवाह मिनिटाला १५०–२००, डायलिसिस द्रवाचा २००–३०० मिलि, वेळ सहा ते दहा तास. द्रवाचे तापमान ३५–३५.५ अंश ठेवले की रक्तदाब कमी ढासळतो. पाणी काढण्याचा वेग तासाला १००–२०० मिलिपासून सुरू करावा. कॅथेटर (रक्त मशीनकडे नेणारी-आणणारी नळी) मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेत १५ सेंमीचा, मांडीत २० सेंमी किंवा जास्त. मांडीत आखूड घातला तर तेच रक्त फिरत राहते व युरिया उतरत नाही. कॉलरच्या हाडाखालची शीर टाळावी. युरिया फार चढलेला असेल तर पहिली खेप दोन तासांचीच करावी, नाहीतर मेंदूला सूज येते.

रोज स्लेड होत असेल तर दोन गोष्टी हमखास निसटतात. मेरोपेनेमसारखे प्रतिजैविक डायलिसिसमध्ये धुऊन जाते, म्हणून त्याची मात्रा खेप संपल्यावर द्यावी. फॉस्फेटही उतरते, मग श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर सुटत नाही.

पाण्याची बाजू पुस्तकांत थोडक्यात उरकलेली असते. इथे ती निम्मे काम आहे. २०० मिलि प्रवाहाने आठ तासांना ९६ लिटर शुद्ध पाणी लागते आणि आरओ यंत्र बरेच पाणी टाकून देते, म्हणजे कच्चे पाणी त्याच्या सुमारे दुप्पट हवे. बोअरचे पाणी जड असल्याने सॉफ्टनरचे (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) मीठ संपले की आरओचा पडदा चोंदतो. कॅल्शियम पार झाले तर रुग्णाला मळमळ, उलट्या व रक्तदाबवाढ होते. टँकरच्या पाण्यात क्लोरीन अंदाजाने टाकलेले असते, ते कार्बनच्या टाकीतून सुटले तर तांबड्या पेशी फुटतात. खेपेआधी एकूण क्लोरीन ०.१ मिग्रॅ प्रतिलिटरपेक्षा कमी असल्याची खात्री करावी. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी तापते, तर मशीन पाणी तापवू शकते, बहुधा थंड करू शकत नाही. तापमानाचा अलार्म वाजतो आणि द्रव फिल्टरला वळसा घालून जातो. रक्त फिरत असते पण डायलिसिस होत नसते. टाकीवर सावली करणे किंवा खेप रात्री लावणे हाच उपाय.

घोणस चावल्यावर २ मिलि ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवावे. गोठले नाही तर प्रतिविषाच्या १० कुप्या, सहा तासांनी पुन्हा चाचणी. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी खोटी ठरते. रक्त गोठू लागेपर्यंत कॅथेटर शक्यतो लांबवावा. थांबणे शक्य नसेल तर मांडीत घालावा, तिथे दाबून रक्तस्राव थांबवता येतो. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून एरवी देतात ते हेपॅरिन वापरू नये. त्याऐवजी दर अर्ध्या तासाला १०० मिलि सलाईनने फिल्टर धुवावा आणि तेवढे पाणी काढायच्या हिशेबात धरावे. प्रतिविषाने रक्त सुधारते, आधीच बंद पडलेले मूत्रपिंड त्याने चालू होत नाही. त्यामुळे लघवीसाठी जादा कुप्या देऊ नयेत.

औषधाशिवाय दिवसाला ४००–५०० मिलि लघवी होऊ लागली की डायलिसिस थांबवून पाहावे. पुढे काही दिवस चार-पाच लिटर लघवी होऊ शकते, तेव्हा पाणी व पोटॅशियम भरून काढावे लागते. घोणसदंशात तीन-चार आठवडे लघवीच आली नाही तर मूत्रपिंडाची बाहेरची साल मेल्याचा संशय घेऊन सीटी स्कॅन करावा. अशा रुग्णाच्या हातावर पुढे फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी धमनी व शीर यांची जोडणी) करावा लागेल, म्हणून कमी वापराच्या हाताच्या शिरा सुया टोचून खराब करू नयेत.