व्हीटीची जुनी कार्डं आणि ‘अखंड पाठी’चा घोळ

मुंबईतल्या सार्वजनिक इमारतींची चित्रकार्डं जमवणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वाद होतो तो कार्डाच्या सालावरून. साल दहा वर्षांनी मागं गेलं की किंमत चढते, त्यामुळे विक्रेत्याचा कल नेहमी मागं जाण्याकडे.

पाव आण्याचं सरकारी पोस्टकार्ड हिंदुस्थानात 1879 साली आलं. चित्राची कार्डं मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी रुळली. व्हीटी (व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं सीएसएमटी स्टेशन), महापालिका, राजाबाई टॉवर, हायकोर्ट या इमारती तोवर उभ्या होत्याच, बोटीनं मुंबईत उतरणाऱ्या साहेबाला घरी पाठवायला तेवढं पुरे होतं. फोटो इथला आणि छपाई जर्मनीतली, असं बऱ्याच कार्डांचं असे. 1914 च्या युद्धानं ती वाट बंद झाली.

घोळ आहे तो पाठीचा. सुरुवातीला कार्डाच्या मागं फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर चित्राच्या बाजूला, उरलेल्या पांढऱ्या पट्टीत कोंबायचा. म्हणून त्या काळच्या कार्डांवर व्हीटीचा घुमट जेमतेम अर्ध्या जागेत दिसतो आणि आकाशात कुणीतरी तब्येतीची चौकशी लिहिलेली असते. 1902 मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्यानं मागच्या बाजूला मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी परवानगी दिली. त्यावरून बाजारात सोपा नियम रूढ झाला : पाठ अखंड, म्हणजे मधल्या रेघेविना, असेल तर कार्ड 1902 च्या आधीचं.

हा नियम ब्रिटिश कार्डांसाठी ठीक आहे. मुंबईच्या कार्डांना तो तसाच लावणं मला तरी पटत नाही. जर्मनीनं हीच सवलत 1905 मध्ये दिली. आंतरराष्ट्रीय टपालासाठी जागतिक टपाल संघाच्या 1906 च्या रोम परिषदेत ठरलं आणि अंमल पुढच्या वर्षी झाला. मधल्या काळात परदेशी जाणाऱ्या कार्डाला जुनी पाठच निर्धोक होती. शिवाय छापून आलेला साठा दुकानदार फेकून थोडाच देणार? तेव्हा अखंड पाठीवरून कार्ड साधारण कोणत्या काळातलं एवढंच कळतं, नेमकं साल नाही. टपालाचा शिक्काही फक्त पोस्टात पडल्याची तारीख सांगतो. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

त्यापेक्षा समोरचा रस्ता बघावा. मुंबईची घोड्यांची ट्राम 1905 मध्ये बंद झाली आणि विजेची 1907 मध्ये सुरू झाली. रस्त्यावर ट्रामच्या तारा असतील तर फोटो 1907 च्या आधीचा नाही, मग पाठ कशीही असो. तारा नसल्या तर मात्र गप्प बसावं, कारण छापणारे त्या खुशाल खोडून टाकत. महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा असेल तर 1923 च्या पुढचं कार्ड. व्हीटीच्या दर्शनी घड्याळाखाली व्हिक्टोरिया राणीचा पुतळा असणं हा मात्र कमकुवत पुरावा : तो स्वातंत्र्यानंतर हटला, म्हणजे आधीची साठ-एक वर्षं सगळीच आत येतात.

स्टेशनचं नाव 1996 मध्ये बदललं, 2004 मध्ये इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतीही. ऑनलाइन विक्रीही याच काळात वाढली. इंग्लंडमधल्या घरांच्या माळ्यांवरून निघालेली मुंबईची कार्डं त्यामुळे परत इकडे येऊ लागली. सोबत नकलाही आल्या. स्कॅन करून, चहाच्या रंगाची छटा देऊन छापलेलं कार्ड नुसत्या डोळ्यांना फसवतं. भिंगाखाली धरलं की ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. जुन्या कोलोटाइप छपाईत (जिलेटिनच्या थरावरून फोटो छापायची पद्धत) तशी जाळी नसते, सुरकुतल्यासारखे बारीक, वेडेवाकडे कण असतात. विक्रेत्याकडे पाठीचा फोटो सगळेच मागतात. चित्राच्या एका कोपऱ्याचा, आकाशाकडच्या भागाचा, मोठा करून काढलेला फोटोही मागावा.