पिनकोडमध्ये दडलेला लोहमार्ग

पाचोरा, भडगाव, चाळीसगाव आणि जामनेर ही चारही गावे जळगाव जिल्ह्यात आहेत, परंतु त्यांचे पिनकोड सुरू होतात ते ४२४ या आकड्यांनी, म्हणजे शेजारच्या धुळ्याच्या आकड्यांनी. उलट शिंदखेडा, दोंडाईचा आणि शिरपूर ही गावे धुळे जिल्ह्यात असूनही त्यांच्या पत्त्यापुढे जळगावचे ४२५ लागते आणि नंदुरबारचा पिनकोडही ४२५४१२ असा आहे. जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवला तर ही निव्वळ गल्लत वाटेल. त्या जागी रेल्वेचा नकाशा ठेवला की मात्र आकडे आपोआप जागेवर बसतात.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते आणि संस्कृतात कविता व नाटके लिहिणारे पंडितही होते. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रांची वर्गवारी करणारा टपाल-जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय दाखवतात. यातला टपाल-जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. पत्रांचा थैला ज्या वाटेने जायचा, त्या वाटेवरची गावे एकत्र येणे टपालाच्या सोयीचे होते, आणि १९७२ साली ही वाट बहुतांशी लोहमार्गाची होती. चालत्या गाडीच्या डब्यात पत्रांची वर्गवारी करणारी रेल्वे टपाल सेवा तेव्हा ऐन भरात होती.

आता पुन्हा यादी पाहावी. पाचोरा आणि चाळीसगाव मुंबई–भुसावळ मार्गावर आहेत, तर धुळ्याला जाणारा फाटा चाळीसगावहूनच फुटतो. शिंदखेडा, दोंडाईचा आणि नंदुरबार जळगाव–सुरत मार्गावर आहेत. शिरपूरला रेल्वे नाही, पण त्याचे जवळचे स्टेशन नरडाणे याच मार्गावर येते. सर्वांत बोलका दाखला जामनेरचा आहे. जामनेरहून भुसावळ आणि जळगाव दोन्ही हाकेच्या अंतरावर असताना त्याचा पिनकोड पाचोऱ्याच्या गटात आहे, कारण जामनेरपर्यंत जाणारी छोटी गाडी पाचोऱ्याहून सुटत असे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे ५६ किलोमीटर धावणारी ही ‘पीजे’ आज बंद आहे, पण तिची वाट जामनेरच्या प्रत्येक पत्त्यात छापलेली आहे. ही संगती मी नकाशावरून लावलेली आहे, टपाल खात्याच्या कागदपत्रांवरून नव्हे. तथापि आकडे आणि रूळ इतके नेमके जुळतात की याला योगायोग म्हणवत नाही.

मग प्रश्न उरतो तो लोहमार्ग याच वाटेने का गेला, हा. १८१८ नंतर खानदेशाचा कारभार धुळ्याहून चालत होता, मुंबई–आग्रा मार्ग धुळ्यावरून जात होता आणि धुळ्यातील मुख्य बाजारपेठेला आजही आग्रा रोडच म्हणतात. असे असताना १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने आपली मुख्य वाट धुळ्याला बगल देऊन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव अशी नेली आणि तापीकाठच्या भुसावळला तिच्या दोन शाखा केल्या. एक शाखा वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. दुसरी तापी ओलांडून बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसीमार्गे जबलपूरकडे गेली आणि १८७० मध्ये मुंबई व कोलकाता लोहमार्गाने जोडले गेले. खानदेश-वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरापर्यंत आणणे हा यामागचा उघड हेतू होता, आणि त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने त्या हेतूला धार चढली होती. कापसाचे कारण इतिहासाच्या पुस्तकांत असते. त्याच्याइतकेच निर्णायक असे दुसरे एक कारण भौतिकशास्त्रातले आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा त्याला होणारा विरोध फारच थोडा असतो. सपाट मार्गावर संथ गतीने एक टन माल ओढायला साधारण दोन-तीन किलो वजनाइतका जोर पुरतो, तर रस्त्यावरच्या रबरी चाकांना त्याच्या तिप्पट-चौपट जोर लागतो. रेल्वेची सारी किफायत या फरकात आहे. आता चढ घेऊ. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात लोहमार्ग ३७ मीटर अंतर कापताना एक मीटर चढतो, म्हणजे दर टनामागे चढापोटी हजार भागिले सदतीस, अर्थात सुमारे २७ किलोचा जोर वाढतो. रस्त्यावरच्या वाहनाला असा चढ म्हणजे आधीच्या ओझ्याच्या तीन-चारपट भर, परंतु रेल्वेला तीच भर दहापट होते. त्यातच गुळगुळीत रुळांवर इंजिनाची पकडही मर्यादित असते. रूळ कोरडे असले तरी आपल्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाहून अधिक ओढ इंजिनाला लावता येत नाही, त्यापुढे चाके जागच्या जागी घसरू लागतात. कसाऱ्याला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने लावण्याचा रिवाज या हिशेबातून आलेला आहे.

हाच हिशेब सातपुड्याला लावला की धुळ्याच्या नशिबाचा उलगडा होतो. आग्रा रस्ता शिरपूर सोडल्यावर बिजासन घाटाने सरळ सातपुडा चढतो आणि सेंधव्याला उतरतो. बैलगाडीला ते जमले, पुढे ट्रकलाही जमले, पण रेल्वेला हा आडदांडपणा परवडणारा नव्हता. तिने पूर्वेकडे वळून असीरगडाजवळची ती खिंड निवडली, जिथे सातपुड्याची भिंत बुटकी होते. उत्तरेकडून दक्खनमध्ये उतरणाऱ्या फौजांनीही शतकानुशतके हीच खिंड वापरली आणि म्हणूनच असीरगडाला दक्खनचा दरवाजा म्हणत आले. खिंड आणि वऱ्हाडचे सपाट मैदान या दोन दिशांना जिथून वळता येते, ते ठिकाण भुसावळ. धुळ्याला १९०० मध्ये चाळीसगावचा फाटा मिळाला आणि साधारण त्याच सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेचा मार्ग अमळनेरपर्यंत आला, परंतु तोवर मोठ्या जाळ्याची गाठ भुसावळला बसून गेली होती.

ही गाठ एवढी मोलाची का असते, हे टेलिफोनच्या उदाहरणाने चांगले कळते. दहा जणांना एकमेकांशी थेट तारेने जोडायचे तर ४५ तारा लागतील, आणि शंभर जणांना जोडायचे तर ४,९५०. मात्र प्रत्येकाची एकच तार मधल्या एक्स्चेंजपर्यंत आणली तर शंभर तारांत काम भागते. जंक्शन हे रुळांचे एक्स्चेंज आहे. जाळ्यांचा अभ्यास करणारे गणिती एखाद्या ठिकाणाचे महत्त्व तिथे किती वाटा मिळतात एवढ्यावरच मोजत नाहीत, तर इतर कोणत्याही दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती वाटा त्या ठिकाणावरून जातात, हेही पाहतात. या मापाने जळगाव ते भुसावळ हा जेमतेम पंचवीस किलोमीटरचा पट्टा असाधारण ठरतो, कारण मुंबईकडून आणि सुरतेकडून आलेल्या गाड्या त्यावर एकत्र येतात आणि पुढे इटारसी व नागपूरकडे फुटतात. या पट्ट्यावर तिसरा आणि चौथा मार्ग टाकावा लागला, तो यामुळेच. गाठीची दुसरी बाजू प्रवाशांना चांगली ठाऊक आहे: भुसावळ यार्डात काही अडकले की उशिराची लागण हावड्यापर्यंत पोहोचते.

एकदा वाट पडली की पुढची जाळी त्याच वाटेने येतात, कारण सलग जमीन, पूल आणि देखरेख करणारी माणसे तिथे आयतीच मिळतात. तारायंत्राच्या तारा रुळांच्या कडेने गेल्या आणि रेल्वेलाही त्यांची गरज होतीच. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडली तर समोरासमोर टक्कर ठरलेली. विजेच्या तारेने आलेली परवानगी आणि ड्रायव्हरच्या हाती दिलेला टोकनचा गोळा यांच्या जोरावर एकेरी मार्ग सुरक्षितपणे चालत. जनतेसाठीची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्याआधीच तिची जागा घेणारी तार रुळांच्या कडेला पुरली गेली होती.

ही नवी तार काचेची आहे. रेल्वेने २००० साली रेलटेल ही कंपनी स्थापन केली आणि लोहमार्गालगत ऑप्टिकल फायबरचे जाळे पसरवले. या काचेच्या गाभ्यातून जाणारा प्रकाश भोवतालच्या आवरणावर तिरका आदळून पुन्हा पुन्हा आतच परततो आणि सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. भुसावळ ते मुंबई हे सुमारे ४४५ किलोमीटरचे अंतर त्याला सव्वादोन मिलिसेकंदांचे आहे. काचेची शुद्धता त्याहून थक्क करणारी आहे: साधारण पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो, म्हणजे भुसावळला सोडलेल्या किरणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेत कोणतेही यंत्र न लावता जळगावला पोहोचेल. खिडकीच्या तावदानाची काच एवढ्या जाडीची घेतली तर पलीकडे ठार अंधार दिसेल.

वेगाची खरी किंमत मात्र खानदेशात केळी शिकवतात. रावेर आणि सावदा भागातील केळी हिरवीच कापली जातात, कारण केळे झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहते. ते स्वतः इथिलीन वायू सोडते आणि तो वायू शेजारच्या घडालाही पिकायला लावतो. तेरा-चौदा अंशांवर ठेवले तर ही क्रिया मंदावते आणि त्याहून बरेच खाली गेले तर साल काळवंडते. वॅगनमधून दिल्लीपर्यंतचे सुमारे अकराशे किलोमीटर कापायला किती तास लागतात, यावर त्या घडाचा भाव ठरतो, आणि शेतकरी अंतर तासांत मोजायला शिकतो.

सातपुड्याच्या आत, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात, यातले काहीच सरळ लागू पडत नाही. मोबाइलच्या लहरी डोंगरापलीकडे वळत नाहीत, आणि टॉवर उभारला तरी त्याला फायबर किंवा समोर दिसणारा दुसरा टॉवर लागतो. नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या काही गावांना आजही बोट हीच वाट आहे. याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. टेंभली शहाद्याच्या सपाटीवर आहे. डोंगरातल्या माणसाला तोच क्रमांक पडताळून घ्यायचा तर आधी रेंज शोधावी लागते.

धुळ्याची बगल मात्र आता भरून निघण्याच्या मार्गावर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर लोहमार्ग धुळे, शिरपूर, सेंधवा असाच जाणार आहे, म्हणजे बैलगाडीने चढलेला सातपुडा रेल्वे दीडशेहून अधिक वर्षांनी बोगद्यांच्या आणि विजेच्या इंजिनांच्या बळावर चढेल. त्याने शिरपूरचे ४२५ बदलण्याचे काही कारण नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन मात्र केवळ अक्षांश-रेखांशावरून काढला जातो. चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद चौकोनाचा तो पत्ता जामनेरच्या एखाद्या ओट्याची जागा बिनचूक सांगेल, पण त्यावरून पाचोऱ्याहून येणाऱ्या गाडीचा माग कोणालाही काढता येणार नाही.