खिक-पुआँ : तैवानी तबकड्यांचे सामूहिक श्रवण

ग्रामोफोनच्या तबकडीला तैवानी भाषेत 'खिक-पुआँ' म्हणतात. शब्दशः अर्थ गाण्याचे ताट. आपली 'तबकडी'ही तबकावरूनच आली. जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकायच्या आणि त्या गाण्यांविषयी बोलायचे, अशा बैठका तैवानमध्ये व परदेशातील तैवानी समाजात वारसा जपण्यासाठी भरवल्या जातात. अमेरिकेत १९९९ पासून मे महिन्यात तैवानी-अमेरिकी वारसा सप्ताह साजरा होतो. अशा श्रवणाला तो साहजिक निमित्त पुरवतो.

तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या अमलाखाली होते. १९१४ मध्ये हाक्का या तैवानमधील वेगळ्या भाषिक समाजाच्या कलावंतांनी टोकियोला जाऊन ध्वनिमुद्रण केले. सुरुवातीच्या तबकड्यांवर पारंपरिक वाद्यसंगीत आणि नाट्यगीते असत. चित्र पालटले १९३२ मध्ये. शांघायच्या एका मूकपटाची जाहिरात करण्यासाठी तैवानी भाषेत गाणे रचले गेले, ते चुन-चुन या गायिकेच्या आवाजात कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तबकडीवर आले आणि लोकप्रिय झाले. मग कंपनीने स्थानिक कवी-संगीतकार हाताशी धरले. त्यांतले देंग यू-श्येन (१९०६–१९४४) स्वतः हाक्का, पण त्यांच्या अजरामर चाली होक्किएन, म्हणजे तैवानी भाषेतल्या, शब्दांना लागल्या.

त्यांचे १९३३ चे 'बांग-छुन-हाँग' बहुतेक तैवानी माणसांना ठाऊक असते. रात्री एकटी बसलेली तरुणी दारापाशी चाहूल लागली म्हणून उठते, दार उघडते, कोणी नसते. वाऱ्याने फसवले म्हणून चंद्र तिला हसतो. पुढच्या वर्षीचे 'ऊ-या-हुए' पावसात गळून पडलेल्या फुलाविषयी आहे. युद्धकाळात जपानी राजवटीने याच चालीवर सैन्यातील हमालाचे गुणगान करणारे जपानी शब्द बसवले. मूळ तबकडी ऐकण्याचे मोल इथे कळते, कारण चाल तीच असली तरी तिच्यातले दुःख मूळ शब्दांतच आहे.

युद्धानंतरही तैवानी भाषेचे दिवस पालटले नाहीत. १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. शाळेत मँडरिनची सक्ती होती आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. १९७६ च्या प्रसारण कायद्याने रेडिओ-दूरचित्रवाणीवर स्थानिक भाषांना आणखी आवळले. हे बंधन १९९३ मध्ये उठले. या काळात वाढलेल्या अनेकांना आजीची भाषा समजते, पण सफाईने बोलता येत नाही. अशा घरातली नातवंडे गीतांचे कागद हातात घेऊन थोरांच्या उच्चारामागे उच्चार करतात, तेव्हा बैठक गाण्यांच्या कार्यक्रमापेक्षा बरीच मोठी होते.

युद्धपूर्व तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. जुन्या चावीच्या यंत्रावर पोलादी सुई दर बाजूनंतर बदलावी लागते, आणि आठवणी निघतात त्या बहुधा याच खोळंब्यात. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. जगभरच्या तबकडी-उद्योगाला लाख प्रामुख्याने भारतातून जाई. पडली की त्या फुटतात, वाजवल्या की झिजतात. म्हणून दुर्मीळ तबकडीची डिजिटल प्रत ऐकवणे अधिक शहाणपणाचे. ताइनान येथील राष्ट्रीय तैवान इतिहास संग्रहालयाने आपल्या संग्रहातील जुन्या तबकड्यांचे डिजिटलीकरण करून ते आवाज सर्वांना ऐकण्यासाठी खुले केले आहेत.