नवस (दुखण्यातील)

नवस (दुखण्यातील) : गुण आल्यास फेडीन, या बोलीवर देवाला कबूल केलेली गोष्ट. प्रस्तुत नोंद पुणे परिसरातील, त्यातही जुनाट दुखण्यातील नवसापुरती आहे.

शब्दाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत तो संस्कृत ‘नमस्या’ (वंदन, पूजा) यावरून साधते. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त (१२ वे शतक) मात्र ‘णवसिअ’ हा शब्द ‘उपयाचितक’ (देवाला कबूल केलेली भेट) या अर्थी आहे, म्हणजे त्याने तो देशी (संस्कृतातून न साधणारा) मानला. ‘म’चा ‘व’ होणे मराठीला नवे नाही (ग्राम–गाव). तेव्हा हेमचंद्राचा शब्दही ‘नमस्’कुळातलाच असावा. देणे मागाहून, हा अर्थ मात्र ‘उपयाचितका’तला, आणि नवसात तोच टिकला आहे.

अडचण तिथेच येते. ताप उतरला की नवस फिटतो. मधुमेह, संधिवात उतरत नाहीत. मग ‘बरे कर’च्या जागी ‘हिंडतेफिरते ठेव’ अशी सैल बोली येते आणि फेडणे वर्षानुवर्षे चालते. संकष्टी धरली, तर उपास चंद्रोदयापर्यंत, बहुधा रात्री नऊच्या आसपास सुटतो. इन्सुलिन घेणाऱ्याला इतका वेळ उपाशी राहणे धोक्याचे. साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते ती वेगळीच. म्हणून नवस आजींचा आणि उपास सुनेचा, अशी तडजोड घरात होते. देवाने ती नाकारल्याचे ऐकिवात नाही.

माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने (क्षयाने) आजारी असता अखेरीस थेऊरच्या चिंतामणीपाशी राहिले व तेथेच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, २७ व्या वर्षी, वारले. याला नवस म्हणण्यापेक्षा आराध्यदैवताचा आश्रय म्हणणे अधिक सयुक्तिक. देहूच्या तुकारामांनी तर संतानासाठीच्या नवसांची थट्टाच केली आहे.

चतुःशृंगीचे देऊळ पेशवाईतले, बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. वणीच्या सप्तशृंगीचा एक भक्त सावकार उतारवयात वारी झेपेना म्हणून कष्टी झाला. देवीने दृष्टांत देऊन ‘मीच येते’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. थकल्या भक्तासाठी आलेली ही देवी शंभराहून अधिक पायऱ्यांवर बसली आहे. गुडघेदुखीवाले खालूनच हात जोडतात आणि नारळ नातवाकडे देऊन वर धाडतात.